ब्रायटनचा गारगोट्यांचा किनारा : शेवटच्या पन्नास पावलांचा प्रश्न

‘अगं, पण वाळू कुठे आहे?’ ब्रायटनच्या किनाऱ्यावर पोहोचताच आईने विचारलेला हा पहिला प्रश्न होता. वाळू नाही, हे तिला आधी सांगायला मी विसरले होते. किंबहुना इतकी वर्षे इंग्लंडमध्ये राहिल्यानंतर ती सांगण्याजोगी गोष्ट आहे हेच माझ्या ध्यानात राहिले नव्हते. आईचे सारे आयुष्य गुहागरला गेले. तिच्या लेखी समुद्र म्हणजे सुरूच्या बनातून अनवाणी बाहेर पडायचे आणि पुळणीवरून सरळ चालत पाण्यात पाय घालायचे. ब्रायटनला तसे करता येत नाही. येथे किनाऱ्यापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था फार चांगली आहे आणि किनाऱ्यालगतच्या सोयीही पुरेशा आहेत. अडचण सुरू होते ती फरसबंदी संपून गोटे लागतात त्या ठिकाणी. तिथून पाण्यापर्यंतची जी पन्नास-साठ पावले उरतात, ती तरण्याताठ्या माणसाला जाणवतही नाहीत, मात्र ज्याचे गुडघे दुखतात किंवा ज्याच्या हातात बाबागाडी आहे त्याची सहल त्यांच्यावरच अवलंबून असते. म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या पावलांविषयी आहे.

आम्ही चौघे होतो : मी, नवरा, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली एकाहत्तर वर्षांची आई आणि तीन वर्षांचा मुलगा. लंडनहून जाणाऱ्यांनी मोटार घरीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण किनाऱ्याजवळ वाहन उभे करणे महागात पडते आणि सुट्टीच्या दिवशी जागाही मिळत नाही. व्हिक्टोरियाहून सुटणारी जलद गाडी तासाभरात पोहोचते. सेंट पँक्रस आणि लंडन ब्रिज येथूनही थेट गाड्या आहेत. तीन ते नऊ मोठी माणसे एकत्र प्रवास करत असतील तर गर्दीच्या वेळा सोडून ‘ग्रुपसेव्ह’ या सवलतीत तिकिटाचे एक तृतीयांश पैसे वाचतात आणि पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. गावाकडून आलेल्या आईवडिलांना घेऊन निघालेल्या कुटुंबासाठी ही सवलत जणू बेतूनच केलेली आहे, तरी आमच्या ओळखीतले कितीतरी लोक वेगवेगळी तिकिटे काढून मोकळे होतात. ब्रायटन हे शेवटचे स्थानक असल्यामुळे गाडीतून उतरल्यावर जिना, पूल, भुयार काहीही ओलांडावे लागत नाही. लोखंड आणि काचेच्या त्या भव्य कमानदार छताखालून माणूस सरळ रस्त्यावर येतो.

स्थानकापासून समुद्र जेमतेम एक किलोमीटरवर आहे. क्वीन्स रोड आणि पुढे वेस्ट स्ट्रीट असा हा नाकासमोरचा रस्ता असून त्याच्या टोकाला पाण्याची पट्टी चालतानाच दिसू लागते. रस्ता पूर्ण उताराचा आहे, ही जाताना सोय वाटते आणि येताना शिक्षा. दिवसभर दमल्यावर तोच चढ चढणे वयस्कर माणसाला जमेलच असे नाही, तेव्हा परतताना ओल्ड स्टीन येथून बस घ्यावी. बसगाड्यांची पायरी खाली असते, चाकांच्या खुर्चीसाठी फळी निघते आणि भाड्यासाठी बँकेचे कार्ड टेकवले की काम होते.

समुद्रासमोर आल्यावर दोन पातळ्यांवरची फरसबंदी दिसते. वर किंग्ज रोडच्या कडेने जाणारी रुंद पायवाट आहे, आणि तिच्या खाली गोट्यांना लागून दुसरी. दोन्हींना जोडणारे जिने आहेत तसे उतारही आहेत, पण उतार जिन्यांइतके जागोजागी नाहीत. म्हणून बाबागाडी किंवा चाकांची खुर्ची असल्यास वरूनच उतार शोधून मग खाली जावे, नाहीतर बरेच अंतर उलटे चालावे लागते. खालच्या पायवाटेच्या पाठीशी रस्त्याच्या पोटातच कमानी बांधलेल्या असून त्यांत खाद्यपदार्थांची दुकाने, चित्रकारांचे गाळे आणि मासेमारीचे एक छोटे संग्रहालय आहे. या संग्रहालयाला प्रवेशमूल्य नाही. आत एक जुनी लाकडी होडी ठेवलेली आहे, आणि तिच्या फळ्या एकीवर एक चढवून कशा जोडल्या आहेत हे पाहण्यात आईने जितका वेळ घालवला तितका वेळ तिने शहरातल्या रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्यासमोर घालवला नाही. शौचालये, अंगावरचे खारे पाणी धुण्यासाठी उघडे शॉवर आणि बसायला बाके या पट्ट्यात आहेत. ज्यांना पाण्याजवळ जायचेच नाही त्यांनी येथेच बसावे. समुद्र पूर्ण दिसतो.

आता गोट्यांविषयी. ही गारगोटी आहे, आपल्याकडे चकमकीसाठी वापरत तीच जात. आठ कोटी वर्षांहून जुन्या खडूच्या थरांत ती गाठींच्या रूपाने तयार झाली; समुद्राने मऊ खडू विरघळवून, झिजवून नेला आणि कठीण गारगोटी मागे राहून एकमेकींवर घासून गोल झाली. शहराच्या पूर्वेला मरीनाच्या, म्हणजे खासगी नौकांच्या बंदराच्या, पलीकडे पांढरे कडे उभे आहेत, त्यांत काळसर गारगोट्यांचे आडवे पट्टे आजही दिसतात, आणि ते पाहिले की पायाखालचे हे दगड कुठून आले हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. किनाऱ्यावर मात्र त्या काळ्या उरलेल्या नाहीत. लोहाच्या गंजाने कुणी मधाच्या रंगाची झाली आहे, कुणी तांबूस, कुणी राखाडी. एखादीला आरपार भोकही सापडते. मुलाने दोन्ही खिसे भरले, आणि ते त्याला पुन्हा रिकामे करायला लावणे हे त्या दिवसाचे सर्वांत अवघड काम ठरले. इंग्लंडमध्ये १९४९ च्या किनारा-संरक्षण कायद्यानुसार किनाऱ्यावरचे गोटे घरी नेता येत नाहीत. हा नियम उगाच केलेला नाही, कारण गोट्यांचा हा ढीग शहराचा बांधच आहे : हिवाळ्यातल्या वादळी लाटांचा जोर त्यात जिरतो.

या ढिगावर चालणे कसे असते, ते सांगते. पाऊल टाकले की टाच खाली जाते, दगड बाजूला सरकतात आणि पुढे गेलेले पाऊल निम्मे मागे येते. घोटा दर पावलाला वेगळ्या कोनात वळतो. लाटांनी गोट्यांच्या पायऱ्या केलेल्या असतात. वरची सपाटी ओलांडली की तीव्र उतार, मग थोडी सपाटी, मग पुन्हा उतार. आईची काठी पहिल्याच पावलाला वीतभर आत गेली आणि काठीवर भार टाकावा तर ती आणखी खचू लागली. दहा पावलांनंतर तिने काठी माझ्या हातात दिली, नवऱ्याचा दंड धरला आणि ‘परत फिरा’ असे सांगितले. बाबागाडीची तऱ्हा त्याहून वाईट झाली. तिची पुढची छोटी चाके दगडांत रुतून आडवी झाली आणि शेवटी मुलाला काढून ती उचलून न्यावी लागली. काही ठिकाणी गोट्यांवर सपाट वाटा टाकलेल्या आहेत, त्यांवरून चाके चालतात; मात्र त्या पाण्यापर्यंत जात नाहीत, वरच्या सपाटीवरच संपतात. गोट्यांवर चालू शकणाऱ्या जाड चाकांच्या खुर्च्या नगरपालिका वापरायला देते. ज्यांना त्या लागणार आहेत त्यांनी निघण्यापूर्वीच चौकशी करून ठेवावी. ऐन वेळी मिळेल या भरवशावर जाऊ नये.

चपला घालून जाऊ नये, हेही लिहून ठेवते. चपलेत आणि तळव्यात खडा अडकतो आणि तो काढण्यासाठी एका पायावर उभे राहण्याची ही जागा नव्हे. पाण्यातही घालता येतील असे पातळ रबरी बूट घरूनच न्यावेत. ते विसरल्यामुळे नवऱ्याने किनाऱ्यावरच्या एका टपरीतून विकत घेतले आणि संध्याकाळपर्यंत त्यातल्या एकाचा तळवा सुटला. किंमत मात्र चांगल्या बुटाची होती.

इतके सांगून झाल्यावर गोट्यांची बाजूही मांडायला हवी. बसायला ते वाटतात तितके वाईट नाहीत. अंग थोडे इकडेतिकडे हलवले की खाली आपल्या मापाचा खळगा तयार होतो. वर जाड सतरंजी किंवा घडी केलेली गोधडी असली तर तासभर सुखाने बसता येते. उन्हात ते तापतात आणि थंड वाऱ्यात ती ऊब बरी वाटते. मुख्य म्हणजे वाळूचा त्रास नाही : डब्यात, कपड्यांत, बाळाच्या डोळ्यांत, आंघोळीनंतर न्हाणीघराच्या मोरीत, कुठेही ती येत नाही. आणि आवाज. लाट फुटते ती नेहमीसारखीच, पण ती मागे जाताना हजारो दगड आपल्याबरोबर ओढते, तेव्हा खळखळाट आणि सळसळ यांच्या मधला एक ध्वनी उठतो. आई म्हणाली, ‘ओट्यावर पोतंभर सुपारी ओतल्यासारखं वाटतंय.’ मी आजवर चार वेळा तेथे गेले, पण मला हे सुचले नव्हते.

मराठी माणसाच्या मनात या किनाऱ्याचे आणखी एक चित्र असतेच. सावरकरांची सागराला उद्देशून लिहिलेली कविता १९०९ साली येथेच जन्मली, आणि शाळेत ती म्हणताना आम्हा कोकणातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे अर्थातच आमचीच पुळण असे. आईने बाकावर बसून विचारले, ‘तेव्हाही हे असेच गोटे होते का गं?’ होते. एवढेच नव्हे, आज दिसणारा गजबजलेला पॅलेस पिअर, म्हणजे समुद्रात आत गेलेला धक्का, १८९९ मध्ये खुला झाला, म्हणजे त्या वेळी तो दहा वर्षांचा होता. पश्चिमेला आज केवळ लोखंडी सांगाडा होऊन पाण्यात उभा असलेला वेस्ट पिअर तर १८६६ पासूनचा, म्हणजे तेव्हा धडधाकट होता. तो १९७५ मध्ये बंद झाला आणि २००३ च्या आगींत उरलासुरलाही गेला. कवितेसाठी म्हणून येणाऱ्यांनी या दोन धक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात, सकाळी लवकर यावे. दुपारी तेथे संगीताच्या भिंती आणि बिअरचे प्याले असतात.

या सहलीत मला सर्वांत उपयोगी पडलेली माहिती कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती, ती आईकडे होती. त्या दिवशी वटपौर्णिमा होती, त्यामुळे तिथी तिच्या ध्यानात होती. गोट्यांवरून परत येऊन बसल्यावर तिने पाण्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘आत्ता भरतीची वेळ आहे. पंधरा पाऊणे सव्वाअकरा.’ कोकणात ज्यांचा समुद्राशी संबंध आला आहे त्यांना हा हिशेब ठाऊक असेल : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असते, म्हणजे सव्वाबारा. भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहिले तर भरती साडेबाराच्या सुमारास होती. मी थक्क झाले. ती झाली नाही. वास्तविक हा योगायोग आहे, कारण प्रत्येक बंदराची भरतीची वेळ चंद्राशी आपापल्या अंतराने बांधलेली असते आणि ब्रायटनचे अंतर आपल्या किनाऱ्याच्या अंतराशी जवळपास जुळते, इतकेच. तक्ता पाहूनच जावे. तिथीवर विसंबू नये. तरीही या योगायोगातून एक पक्की गोष्ट हाती लागते. ब्रायटनला पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरती नेहमी मध्यान्हाच्या आसपास येते आणि मोठी ओहोटी सकाळी व संध्याकाळी. दुपारी ओहोटी असते ती अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, जेव्हा पाणी फारसे मागे जातच नाही. उधाणाला येथे पाणी सुमारे सहा मीटर चढते-उतरते, आणि ते पूर्ण उतरले की गोट्यांच्या ढिगाच्या पायथ्याशी चक्क वाळू उघडी पडते. सकाळी अकराला येऊन चारच्या गाडीने परतणाऱ्या पर्यटकाला ती दिसत नाही, आणि ‘ब्रायटनला वाळूच नाही’ असे सांगत तो घरी जातो. माझ्या आधीच्या तिन्ही फेऱ्या अशाच झाल्या होत्या.

म्हणून आम्ही थांबायचे ठरवले. मधला वेळ कसा गेला ते थोडक्यात सांगते. पॅलेस पिअरवर २०२४ पासून गर्दीच्या मोसमात बाहेरगावच्या लोकांना प्रवेशशुल्क पडते. त्याच्या मोबदल्यात बसायला कापडी आरामखुर्च्या विनामूल्य आहेत, आणि लाकडी फळ्यांच्या फटींतून खालचे पाणी पाहणे हा मुलाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाला. आईचा उपवास असल्याने तिच्यासाठी तळलेले बटाट्याचे काप घ्यावेत असा विचार होता, परंतु दुकानात विचारल्यावर मासे आणि काप एकाच तेलात तळतात असे कळले. इंग्लंडमधल्या काही दुकानांत तर गाईच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत अजून आहे, तेव्हा शाकाहारी लोकांनी प्रत्येक ठिकाणी विचारूनच घ्यावे. आईने घरून आणलेली साबुदाण्याची खिचडी काढली. डब्याचे झाकण उघडून ती बाजूला ठेवते न ठेवते तोच एका समुद्रपक्ष्याने मागून येऊन चोच मारली आणि अर्धी खिचडी गोट्यांत सांडली. हे पक्षी बदकाहून थोराड असतात आणि माणसाला मुळीच भीत नाहीत. खाणे शक्यतो भिंतीला पाठ लावून, हाताने झाकून खावे. मी हे थट्टेने लिहीत नाही.

पिअरच्या पूर्वेला फोल्क्स विद्युत रेल्वेचे छोटे स्थानक आहे. १८८३ साली सुरू झालेली ही गाडी आजही धावणाऱ्या विद्युत रेल्वेंमध्ये जगात सर्वांत जुनी आहे. ती उन्हाळी मोसमातच चालते, शांतपणे किनाऱ्याकडेने मरीनाच्या बाजूला जाते आणि ज्यांना चालणे जमत नाही त्यांना समुद्राच्या कडेने फिरवून आणते. एक गोष्ट वडीलधाऱ्यांना आधी सांगितलेली बरी : वाटेतच विवस्त्र स्नानासाठी १९८० पासून राखून ठेवलेला किनारा लागतो. गोट्यांचा उंच बांध असल्यामुळे गाडीतून फारसे काही दिसत नाही. फलक मात्र दिसतो, आणि आईने तो वाचला. ‘थंडी नाही वाजत का यांना?’ एवढेच ती म्हणाली.

थंडीचा मुद्दा खराच आहे. भर उन्हाळ्यातही येथील पाणी सतरा-अठरा अंशांच्या वर क्वचितच जाते, आणि जूनमध्ये त्याहूनही गार असते. पोहणाऱ्यांनी लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच राहावे. जीवरक्षक मेअखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच असतात. गुहागरला कमरेइतक्या पाण्यात दूरवर जाता येते, त्या सवयीने येथे उतरू नये. भरतीच्या वेळी गोट्यांचा उतार पाण्याखालीही तसाच तीव्र असतो, दोन पावलांत तळ सुटतो, आणि लाट काठावरच आदळून माघारी खेचते. किनाऱ्यावर आडवे घातलेले जे बांध दिसतात, त्यांच्याविषयीही सावध असावे. समुद्र येथे गोटे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहून नेतो, त्यामुळे बांधाच्या पश्चिमेला ते उंच साचतात आणि पूर्वेला खोल पडते. मुले पश्चिमेच्या बाजूने धावत येऊन बांधावर चढली तर पलीकडे पुरुषभर उंचीचा खड्डा असू शकतो.

ज्यांच्या घरात खरोखर चालण्याची अडचण आहे, त्यांना मी दोन्ही धक्क्यांमधला गजबजाट सोडून पश्चिमेला होव्हकडे जाण्याचा सल्ला देईन. १९१२ मध्ये उभारलेल्या शांतिदेवतेच्या पुतळ्यापासून पुढे हिरवळ सुरू होते, पायवाट रुंद आणि सपाट आहे, रंगीत दारांच्या लाकडी खोपट्यांची रांग आहे आणि आवाज कमी आहे. गोटे तेथेही आहेतच, पण ते न ओलांडता अर्धा दिवस चांगला जातो. मरीनापासून पूर्वेला कड्यांच्या पायथ्याने जाणारी सिमेंटची वाटही सपाट आहे. दरड कोसळण्याच्या भीतीने ती अधूनमधून बंद असते, एवढे पाहून जावे. ऑगस्टच्या सुरुवातीला प्राइड या एलजीबीटी समुदायाच्या उत्सवाच्या दिवसांत आणि कडक उन्हाच्या कुठल्याही रविवारी वृद्धांना घेऊन जाऊ नये. स्थानकापासूनच दाटी असते. जून किंवा सप्टेंबरमधला कामाचा दिवस उत्तम.

साडेसहाला आम्ही पुन्हा गोट्यांशी आलो. या वेळी एका बांधाच्या पश्चिमेची बाजू निवडली, जेथे साचलेले गोटे फरसबंदीच्या जवळजवळ बरोबरीला आले होते. आईला मध्ये घेऊन, दोघांनी दोन्ही दंड धरून, तिरके तिरके उतरलो. सरळ उतरण्यापेक्षा तिरके उतरल्यास पाय कमी घसरतो, हेही तिनेच सुचवले. पन्नास-साठ पावलांना दहा मिनिटे लागली. शेवटचा उतार संपला आणि पायाखाली ओली, घट्ट, करड्या रंगाची वाळू आली. तिने आमचे हात सोडले, वाकून बूट काढले, ते माझ्याकडे दिले आणि वेस्ट पिअरच्या सांगाड्याच्या दिशेने, काठी न टेकता, एकटीच चालू लागली. जूनमध्ये तेथे सूर्य नवानंतर मावळतो, त्यामुळे घाई नव्हती. वर चढताना मात्र पंधरा मिनिटे लागली, दोनदा थांबावे लागले, आणि बसथांब्यापर्यंत ती काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर तिने माझ्या फोनवर कॅलेंडर उघडायला सांगितले आणि ज्येष्ठातल्या अमावास्येला वार कोणता येतो ते विचारले.